विश्लेषण : परसातल्या दहा कोंबड्या आणि कायदा – घिवलीत काय चालते, काय नाही?

परसात खुराडे, दारात दोन शेळ्या, पलीकडे गोठा. पालघरच्या किनाऱ्यावरील गावांत हे नेहमीचे चित्र. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या शेजारच्या घिवलीतही ‘कोंबड्या पाळायला परवानगी काढली का?’ असे कुणी कुणाला विचारत नाही. प्रश्न उभा राहतो तो शेजाऱ्याशी वाजल्यावर, शेळी कुणाच्या वाडीत शिरल्यावर, किंवा एका सकाळी खुराड्यात चार कोंबड्या मान टाकून पडलेल्या दिसल्यावर. यातल्या शेवटच्या प्रसंगात नियम माहीत नसणे सर्वात महाग पडते. बर्ड फ्लूच्या साथीत सरकार भरपाई देते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. त्याआधी मेलेल्यांची नाही.

घरापुरत्या कोंबड्या-शेळ्यांना परवाना लागतो का?

घिवली ग्रामपंचायत हद्दीत आहे. तिथे लागू होतो तो १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. घरच्या अंड्यांसाठी किंवा सणावाराला कापण्यासाठी चार-दहा कोंबड्या, एखादी शेळी वा गाय पाळायची तर परवाना काढावा, अशी तरतूद या कायद्यात नाही. किती कोंबड्या चालतील याचा आकडाही नाही. याचा अर्थ ग्रामपंचायतीला काहीच अधिकार नाही, असा मात्र होत नाही. कायद्याच्या अनुसूचीत ग्रामपंचायतीकडे सोपवलेल्या कामांची यादी आहे. गावची स्वच्छता, उपद्रवाला आळा घालणे, बेवारस मेलेल्या जनावरांची विल्हेवाट आणि गुरांची निगा ही कामे त्यात येतात. म्हणजे कोंबडी पाळण्याला कायद्याची हरकत नाही. तिची विष्ठा शेजाऱ्याच्या विहिरीकडे वाहत असेल तर ग्रामपंचायत दखल घेऊ शकते.

काही गावांत ग्रामसभा ठराव करून ‘गावठाणात कोंबड्या मोकळ्या सोडू नयेत’ असे ठरवते. गावाने एकमताने पाळायचा नियम म्हणून असा ठराव उपयोगी आहेच. पण नुसत्या ठरावाच्या जोरावर कुणाचे खुराडे उचलून नेता येत नाही. कारवाई करायची तर मागे कायद्याचे कलम लागते, नोटीस लागते आणि समोरच्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

मग शहरात वेगळे नियम का?

जागा कमी आणि माणसे दाट, हे त्याचे कारण. पालघर शहरात नगरपरिषद आहे, वसई-विरारला २००९ पासून महापालिका आहे. बोईसर मात्र कारखाने, चाळी, टॉवर असा शहरी पसारा वाढूनही वर्षानुवर्षे ग्रामपंचायतच राहिले. त्यामुळे एकाच जिल्ह्यात, काही किलोमीटरच्या अंतरात, एकाच म्हशीला वेगवेगळे कायदे लागू होऊ शकतात.

राज्यात १९७६ पासून नागरी भागात गुरे पाळणे आणि त्यांची ने-आण यांवर नियंत्रण ठेवणारा स्वतंत्र अधिनियम आहे. तो ज्या शहरी क्षेत्रांना लागू केला आहे तिथे गुरे ठेवायला परवाना लागतो. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्यानुसार डुक्कर पाळायचे तर आयुक्तांची लेखी परवानगी हवी, आणि कोणताही प्राणी शेजाऱ्यांना उपद्रव होईल अशा रीतीने ठेवता येत नाही. मुंबईतल्या म्हशी शहराबाहेर नेण्याची धडपड तर स्वातंत्र्यापासूनची आहे. १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली ती त्यासाठीच. उरलेल्या तबेल्यांचा विषय पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यांना हलवण्यासाठी जागा सुचवली गेली ती आजच्या पालघर जिल्ह्यातल्या दापचरीची. शहराला दूध हवे, गोठा नको; मग गोठा जायचा तो पालघरकडेच!

कोंबडा पहाटे आरवतो, शेजारी तक्रार करतो. पुढे काय?

गावात ही तक्रार फारशी कुणी करत नाही. बोईसरच्या इमारतीत मात्र होते. कोंबड्याच्या आरवण्याला डेसिबलची मर्यादा घालणारा नियम आपल्याकडे नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही पातळी ठरवतात, पण त्यांचा रोख लाऊडस्पीकर, फटाके, भोंगे यांच्यावर आहे. फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरील मॉरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध शेजाऱ्यांनी खटलाच भरला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेने ग्रामीण भागातले आवाज व वास हा गावाचा वारसा असल्याचे मान्य करणारा कायदा केला. सुट्टीपुरते गावात येऊन शेणाच्या वासावर नाक मुरडणारे फक्त आपल्याकडेच असतात असे नाही.

आपल्याकडे खरा वाद आवाजापेक्षा घाणीचा आणि माशांचा असतो. त्यासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज. (ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून २०२४ पासून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव झाले आहे, अर्ज त्यांच्याच टेबलावर जातो.) अर्जाची पोच घ्यावी. तिथे काही हलले नाही तर पंचायत समितीचे गटविकास अधिकारी. आणि उपद्रव एका घरापुरता नसून वस्तीला होत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२. या कलमाखाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. समोरच्याला हजर राहून आदेश का नको ते सांगण्याची संधी असते. भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवासाठी एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम लहान आहे, पण आदेश निघूनही उपद्रव चालूच ठेवला तर प्रकरण दंडावर थांबत नाही.

उलट बाजूही पाहायला हवी. वैतागून शेजाऱ्याच्या कोंबड्यांना किंवा कुत्र्याला विष घालणे हा त्याहून कितीतरी गंभीर गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जनावराला मारणे, विष देणे, लुळे करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि स्वतःचे जनावर माणसाच्या जिवावर उठेल हे माहीत असून त्याला आवरले नाही, तर कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड मालकालाच. मारक्या बैलाला आणि चावऱ्या कुत्र्याला हे कलम सारखेच लागू.

शेळ्या दुसऱ्याच्या वाडीत शिरल्या तर?

भाताची कापणी झाली की गुरे मोकळी सोडण्याची कोकणपट्टीत जुनी पद्धत आहे. पूर्वी शेतात काही उरत नसे म्हणून ती खपत होती. आता त्याच वेळी कुणाचा वाल, कुणाची भाजी, कुणाची मिरची उभी असते आणि भांडणाला तोंड फुटते.

यावरचा कायदेशीर उपाय म्हणजे कोंडवाडा. त्याची मूळ चौकट इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यातली. ग्रामपंचायतींनाही कोंडवाडे ठेवण्याचा अधिकार आहे. १८७१ च्या कायद्यानुसार पिकाचे नुकसान करणारे जनावर शेतकऱ्याला पकडता येते, पण चोवीस तासांच्या आत ते कोंडवाड्यात पोचवावे लागते. स्वतःच्या गोठ्यात बांधून ठेवून ‘आधी पैसे दे, मग सोडतो’ म्हणणे कायद्यात बसत नाही. तसेच, पकडलेले जनावर मालकाने दांडगाईने सोडवून नेणे हाही गुन्हा. मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून जनावर सोडवायचे. कुणी आलेच नाही तर नोटीस देऊन लिलाव. हे झाले कागदावर. प्रत्यक्षात कित्येक गावांत कोंडवाड्याची जागा तेवढी उरली आहे, भिंत आणि राखणदार नाही. कोंडवाडा नाही म्हणून कायदा हातात घेतला जातो आणि एका शेळीवरून दोन घरांचे बोलणे बंद होते. ग्रामसभेत इतर विषयांबरोबर हाही विषय लावून घेण्यासारखा आहे.

किती कोंबड्या झाल्या की ‘पोल्ट्री’?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कुक्कुटपालनविषयक मार्गदर्शक सूचना पाच हजारांहून अधिक पक्ष्यांच्या फार्मपासून लागू होतात. त्यापुढे प्रदूषण मंडळाची संमती आणि वस्तीपासून ५०० मीटर अंतर असे निकष सुरू होतात. परसातल्या दहा कोंबड्यांचा त्यांच्याशी संबंध नाही. पाचशे-हजार पक्ष्यांची शेड टाकणारा मात्र मधल्या जागेत अडकतो. प्रदूषण मंडळाच्या दृष्टीने तो लहान, गावाच्या दृष्टीने मोठा. शेड ही बांधकामात मोडते, त्यामुळे बांधकाम परवानगी आणि ग्रामपंचायतीचा कर हे दोन्ही प्रश्न येतात. घिवलीसारख्या गावात समुद्राकडेला पक्की शेड घालायची तर किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, नियमही आडवे येतात.

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने पशुसंवर्धनाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. २५ हजारांपर्यंत मांसल पक्षी, ५० हजारांपर्यंत अंडी देणारे पक्षी, १०० दुधाळ जनावरे, ५०० शेळ्या-मेंढ्या किंवा २०० डुकरे इथपर्यंतचे पालन त्यात येते. वीजदर आणि ग्रामपंचायतीचा कर शेतीप्रमाणे असावा, हा त्यामागचा हेतू. शेड घालणाऱ्याने ग्रामपंचायतीची कराची पावती या निर्णयाशी ताडून पाहावी.

कोंबड्या पटापट मरू लागल्या तर कायदा काय सांगतो?

इथे परवान्याविनाच्या मोकळीकीची दुसरी बाजू दिसते.

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा २००९ चा केंद्रीय कायदा मालकावर थेट जबाबदारी टाकतो. जनावराला किंवा पक्ष्याला अनुसूचीतला रोग झाल्याचा संशय आला, तर त्याने ते गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवलेच पाहिजे, आणि आजारी जनावर निरोग्यांपासून वेगळे केले पाहिजे. ग्रामपंचायतीने ही माहिती जवळच्या पशुवैद्यकाकडे पोचवायची. हजार कोंबड्यांच्या फार्मला जे बंधन, तेच पाच कोंबड्यांच्या घराला.

प्रत्यक्षात होते वेगळेच. एक कोंबडी झुकली की तिला मानमोडी झाली असे घरातच ठरते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा खेडोपाडी दरवर्षी येणारा रोग. त्याला लस आहे आणि ती सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारता येते. पण माना वाकड्या होणे, तुरा निळा पडणे, अचानक मर लागणे ही लक्षणे बर्ड फ्लूमध्येही दिसतात. दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी नमुने जातात पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे. घरात मात्र तोवर उरलेल्या कोंबड्या घाईने विकल्या किंवा कापल्या जातात, मेलेल्या खाडीत किंवा किनाऱ्यावर फेकल्या जातात. त्यांवर कावळे, कुत्री बसतात आणि रोग पुढच्या पाड्यावर जातो.

पालघरला हे नवीन नाही. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला, मोठ्या पोल्ट्री फार्मवर. जानेवारी २०२१ मध्ये परभणीतील मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या. त्याच्या पुढच्याच महिन्यात पालघरच्या शासकीय कुक्कुटपालन केंद्रात ४५ पक्षी दगावले आणि चिकनची दुकाने २१ दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेजारच्या शहापूर तालुक्यातील वेहळोली आणि त्यापाठोपाठ वसई-विरार परिसर. जानेवारी २०२५ मध्ये उरणचे चिरनेर. चिरनेरचे उदाहरण घिवलीसारख्या गावाला सर्वात जवळचे, कारण तिथे मेल्या त्या घरांच्या परसातल्या कोंबड्या. तिथे फार्मला कुंपण घालून भागणार नव्हते. पथकाला घरोघर जावे लागले.

एकदा अहवाल आला की बाधित जागेभोवती एक किलोमीटरच्या आतले सर्व पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते. घिवलीत असे काही झाले तर देखरेखीच्या कक्षेत आजूबाजूची किनाऱ्यावरची गावे तर येतीलच, आतल्या बाजूची बाजारपेठही सुटणार नाही. निरोगी दिसणारी कोंबडीही मारली जाणार, आणि ती देण्यास नकार देता येत नाही. लोकांचा राग इथेच असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. रवणावर बसलेल्या, अंडी उबवणाऱ्या कोंबडीची किंमत सरकारी तक्त्यात नसते.

तक्त्यात काय असते? राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२१ मध्ये मान्य केलेले दर असे होते : आठ आठवड्यांपर्यंतच्या अंड्यांच्या जातीच्या पक्ष्याला २० रुपये, त्यावरील वयाला ९०. मांसल पक्ष्याला सहा आठवड्यांपर्यंत २०, पुढे ७०. नष्ट केलेल्या अंड्याला ३ रुपये, खाद्याला किलोमागे १२. गावठी कोंबडा बाजारात कितीला जातो हे माहीत असलेल्याला हे दर हास्यास्पद वाटतील. तरीही लवकर कळवणाऱ्याच्या हाती हे पैसे तरी पडतात. ज्याने आठवडाभर वाट पाहिली, त्याच्या मेलेल्या कोंबड्यांचे काहीच मिळत नाही. गरिबाला उशीर परवडत नाही, हे इथे अगदी शब्दशः खरे ठरते.

दुसरी अडचण मोजदादीची. परवाना नाही, नोंद नाही, म्हणजे कुणाकडे किती कोंबड्या होत्या याचा कागदही नाही. ब्रिटनमधील इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी पाळणाऱ्यालाही सरकारदरबारी नोंदणी सक्तीची झाली. पूर्वी ही सक्ती पन्नास पक्ष्यांपासून होती. बर्ड फ्लू आला की कुणाला फोन करायचा हे कळावे, एवढाच त्याचा उद्देश. आपल्याकडे पाच वर्षांनी होणाऱ्या पशुगणनेत कोंबड्याही मोजल्या जातात. एकविसावी गणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. पण तो आकडा धोरणासाठी असतो, घरमालकाच्या हाती त्याची पावती नसते. म्हणून पथक येते तेव्हा पंचनाम्यात पक्ष्यांची संख्या, वय आणि अंडी डोळ्यांदेखत लिहून घेणे, आणि सही करण्याआधी ते वाचणे, याला पर्याय नाही.

गाय-म्हशी आणि शेळ्यांचे काय?

त्यांची नोंद आता कानात असते. १ जून २०२४ पासून राज्यात बारा अंकी बिल्ला, म्हणजे इअर टॅग, नसलेल्या पशुधनाची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. सरकारी दवाखान्यातील उपचारही टॅगशी जोडले आहेत. विक्रीसाठी ग्रामपंचायतीचा दाखला घ्यायचा तर त्यावर टॅगचा क्रमांक हवा. २०२२ च्या लम्पी साथीत संपूर्ण राज्य ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झाले होते, गुरांची ने-आण आणि बाजार थांबले होते. तेव्हा कोणते जनावर कुठून आले हे शोधताना झालेली दमछाक या सक्तीमागे आहे. गाईबरोबरच बैल, वळू यांच्या कत्तलीवरही मार्च २०१५ पासून राज्यात बंदी आहे, त्यामुळे भाकड जनावर विकताना कागद नीट असणे मालकाच्याच हिताचे.

पोपट, तितर, कासव पाळले तर?

पाळता येत नाही. पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तितर, तारांकित कासव यांचेही तेच. ‘आमच्याकडे वीस वर्षे आहे’ हा बचाव होत नाही. जत्रेच्या दिवसांत पैजा लावून कोंबड्यांच्या झुंजी लावणे हाही प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

अणुऊर्जा केंद्राच्या शेजारी गुरे पाळण्याचे वेगळे नियम आहेत का?

रोजच्या पाळण्याला नाहीत. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून चालू झाल्या आणि परिसरातील दूध, मासे, भाजी यांचे नमुने तेथील पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा तपासत असते. केंद्रापासून १६ किलोमीटरपर्यंतचा टापू आणीबाणीच्या नियोजनात येतो. तशी वेळ आलीच, तर घरात थांबण्याच्या सूचनेबरोबर गुरांनाही छपराखाली आणा, झाकून ठेवलेलाच चारा-पाणी द्या आणि सांगेपर्यंत दूध वापरू नका, असे सांगितले जाते. आदेश जिल्हा प्रशासनाचा असतो. गोठ्यावर धड छप्पर आणि थोडा झाकलेला चारा हवा तो एरवी पावसासाठीही.

एकच कोंबडी मेली तरी कळवायचे का?

एखादी कोंबडी मुंगसाने मारली, म्हातारी होऊन मेली, तर नाही. दोन-तीन दिवसांत लागोपाठ मर लागली, किंवा आसपास कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर त्याच दिवशी. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. हातात प्लास्टिकची पिशवी घालावी, नाक-तोंड बांधावे, मुलांना लांब ठेवावे. नमुना घेणारे येईपर्यंत तो झाकून वेगळा ठेवावा आणि नंतर त्यांनी सांगितल्याप्रमाणे चुना टाकून खोल पुरावा. उरलेल्या कोंबड्या डालग्याखाली कोंडाव्यात, विकू नयेत, पाहुण्याला देऊ नयेत. पूर्ण शिजवलेले, म्हणजे आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला तापलेले चिकन आणि अंडी खाण्यास सुरक्षित असतात. धोका आजारी पक्षी कापताना आणि सोलताना अधिक. ग्रामपंचायतीला सांगावेच, पण तिच्या भरवशावर न राहता पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ आणि १८००२३३०४१८ या टोल फ्री क्रमांकांवर स्वतःही फोन करावा. फोन केल्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. उद्या भरपाईचा वाद झाला तर लवकर कळवल्याचा पुरावा तोच.